राज्यसत्ता आणि चर्च : खुर्चीची किंमत

(नागपूर इथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला जो विषय दिला तो असा : देशाच्या राज्यकारभारात ख्रिस्ती चर्चचं स्थान काय असावं? हा विषय तासाभरात मांडायचा तर कुठेतरी एका जागी पाय रोवून उभं राहावं लागेल. मी इंग्लंड निवडतो. तिथे चर्च आणि सरकार यांचा संसार पाचशे वर्षं चालू आहे. त्याचे कायदे, ठराव, मतमोजणी सगळं कागदावर आहे. शिवाय त्या संसाराचा काही खर्च आपल्या हिंदुस्थानच्या तिजोरीतून भागवला गेला, त्यामुळे हिशेब मागण्याचा थोडा हक्क आपल्यालाही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा वेळ तुम्हाला ते तपासत बसता येईल. चर्चला सत्तेत जागा दिली की चर्च सरकारवर राज्य करील, अशी भीती आपल्याला वाटते. इतिहासात बहुतेक वेळा घडलं ते उलट. जागा घेतली चर्चने आणि लगाम गेला सरकारच्या हाती. राज्याला चर्चचा खरा उपयोग झाला तो चर्च सत्तेच्या बाहेर उभं असताना.

१५३४ सालापासून सुरुवात करू. त्या वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरवणारा कायदा केला. त्याच वर्षी पोपच्या आज्ञापत्राने गोव्याचा धर्मप्रांत उभा राहिला आणि वर्षअखेरीला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. वरवर पाहता हे दोन परस्परविरोधी मार्ग आहेत. हेन्रीने पोपशी नातं तोडलं, तर पोर्तुगालचा राजा पोपचा लाडका. पण आतून पाहिलं तर व्यवहार एकच. पोर्तुगालच्या राजाला पोपने ‘पाद्रोआदो’ नावाचा हक्क दिला होता. पूर्वेकडच्या चर्चचा खर्च राजाने करायचा आणि बदल्यात बिशपांची नावं राजाने सुचवायची. इंग्लंडमध्येही बिशप कोण हे राजाच ठरवू लागला. खर्चाची बाब मात्र त्याने उलटी फिरवली. पुढच्या पाच-सहा वर्षांत हेन्रीने देशभरातले मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी राजमुकुटाकडे घेतल्या. धर्मरक्षकाच्या हाती चर्चची मालमत्ता किती सुरक्षित असते, याचा तो पहिला धडा होता.

हेन्रीची मुलगी पहिली एलिझाबेथ हिने १५५९ साली ही व्यवस्था पक्की केली. तेव्हापासून आजपर्यंत इंग्लंडचा राजा किंवा राणी हीच त्या चर्चची सर्वोच्च अधिकारी. चर्चचे बिशप उमरावसभेत, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. एकोणिसाव्या शतकात शहरं वाढली, नवे धर्मप्रांत निघाले, तेव्हा १८४७ च्या कायद्याने उमरावसभेतल्या बिशपांची संख्या २६ वर थांबवली. ती आजही तितकीच आहे. कँटरबरी, यॉर्क, लंडन, डरहॅम आणि विंचेस्टर या पाच ठिकाणच्या बिशपांची जागा कायमची. उरलेल्या २१ जागा सेवाज्येष्ठतेने. २०१५ साली स्त्री-बिशपांना रांगेत पुढे घेण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, एवढाच काय तो फरक.

आता या खुर्च्यांनी काय केलं ते पाहू. १८३१ साली मताधिकाराच्या सुधारणेचं विधेयक उमरावसभेत आलं. मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला पार्लमेंटमध्ये स्वतःचा प्रतिनिधी नव्हता आणि ओसाड पडलेली गावं दोन-दोन प्रतिनिधी पाठवत होती. हा अन्याय दूर करण्याचं ते विधेयक होतं. ऑक्टोबरात ते ४१ मतांनी पडलं. विरोधात मत देणाऱ्यांत २१ बिशप होते, बाजूने मत देणारे फक्त दोन. त्या २१ जणांनी दुसऱ्या बाजूला मत दिलं असतं तर विधेयक एका मताने पास झालं असतं. सामान्य माणसानेही हा हिशेब बोटांवर केला. महिनाअखेरीला ब्रिस्टलमध्ये दंगल उसळली आणि जमावाने तिथल्या बिशपचा वाडाच जाळून टाकला. गरिबांच्या बाजूने बोलण्याचा ज्यांचा धर्म, ते जमीनदारांच्या रांगेत का बसले? कारण त्यांना त्या जागेपर्यंत पोचवणारे हात त्याच वर्गाचे होते. बिशपाची नेमणूक पंतप्रधान करणार, म्हणजे ती पक्षाच्या सोयीने होणार. अँथनी ट्रॉलप या कादंबरीकाराने ‘बार्चेस्टर टॉवर्स’ची सुरुवातच या दुखण्यावर केली आहे. एक म्हातारा बिशप मरणपंथाला लागला आहे आणि त्याच्या मुलाला घोर आहे तो एवढाच, की वडील आधी जातात की मंत्रिमंडळ आधी पडतं! १८५७ चे इंग्रज वाचक हे वाचून हसले, कारण व्यवहार त्यांच्या ओळखीचा होता.

ही नेमणुकीची पद्धत पुढे सैल होत गेली. १९७६ पासून चर्चच्या समितीने दोन नावं द्यायची आणि पंतप्रधानाने त्यातून निवडायचं, असं ठरलं. २००७ साली गॉर्डन ब्राउन यांनी निवडीचा हक्कही सोडला. पंतप्रधान आता आलेलं नाव फक्त पुढे पाठवतो. पण नाव त्याच्या हातूनच जायचं. कॅथलिक किंवा ज्यू व्यक्तीने या बाबतीत राजाला सल्ला देऊ नये, असे कायदे १८२९ आणि १८५८ साली झाले. हिंदू पंतप्रधानाचा विचार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, त्यामुळे तशी मनाई कुठेच नाही. ऋषी सुनक पंतप्रधान असताना इंग्लंडच्या बिशपांची नावं त्यांच्यामार्फतच राजाकडे गेली. मला यात सुनक यांचं काही चुकलं असं मुळीच वाटत नाही. प्रश्न चर्चला आहे : आपला मेंढपाळ कोण, हे सांगायला तुम्हाला सरकारची चिठ्ठी का लागते?

या सगळ्यात एक प्रसंग मला फार बोलका वाटतो, म्हणून तिथे जरा थांबतो. इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक १६६२ सालचं. ते पार्लमेंटच्या कायद्याला जोडलेलं होतं, म्हणजे त्यातली उपासना बदलायची तर पार्लमेंटची संमती हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जुनं झालं, अपुरं पडू लागलं. १९०६ पासून वीस वर्षं विद्वान, बिशप, पाळक आणि सामान्य सभासद यांनी खपून नवं पुस्तक तयार केलं. वादाचा मुद्दा एक होता. आजारी माणसासाठी प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस राखून ठेवायचा की नाही? काहींना त्यात रोमकडे परतण्याची चाहूल लागत होती. तरीही १९२७ च्या जुलैत चर्चच्या स्वतःच्या सभेने मोठ्या बहुमताने पुस्तक मंजूर केलं. डिसेंबरात उमरावसभेने २४१ विरुद्ध ८८ मतांनी ते पास केलं. दुसऱ्या दिवशी, १५ डिसेंबरला, ते कॉमन्स सभेपुढे आलं.

त्या सभेत कोण होतं पाहा. विरोधाचं पुढारपण गृहमंत्री जॉइन्सन-हिक्स यांच्याकडे होतं. ते चर्चचेच सभासद, हे मान्य. पण सभा हलवली ती रॉसलिन मिचेल यांच्या भाषणाने. हे मजूर पक्षाचे पेस्लीचे खासदार, स्कॉटलंडचे, प्रेस्बिटेरियन. इंग्लंडच्या चर्चशी त्यांचा काही संबंध नव्हता. वेल्सचे खासदार मत देणार होते, जिथल्या चर्चचा राजाश्रय सातच वर्षांपूर्वी संपला होता. उत्तर आयर्लंडचे देणार होते, जिथे तो १८७१ पासून नव्हता. आणि मताचा तितकाच अधिकार उत्तर बॅटर्सीच्या खासदारालाही होता. त्यांचं नाव शापुरजी सकलातवाला. मुंबईत जन्मलेले, सेंट झेवियर्समध्ये शिकलेले, जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे, धर्माने पारशी, पक्षाने कम्युनिस्ट. त्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये मुलांची नवजोत केली म्हणून पक्षाने त्यांना समज दिली होती. आपल्या घरातल्या धर्मविधीसाठी पक्षाची बोलणी खाणाऱ्या या गृहस्थाला इंग्रजांनी प्रार्थना कोणत्या शब्दांत करावी हे ठरवण्याचा मात्र कायदेशीर हक्क होता!

निकाल लागला २३८ विरुद्ध २०५. पुस्तक पडलं. चर्चने किरकोळ दुरुस्त्या करून ते पुन्हा पाठवलं. १९२८ च्या जूनमध्ये २६६ विरुद्ध २२० मतांनी ते पुन्हा पडलं. १९०३ पासून कँटरबरीच्या गादीवर असलेले आर्चबिशप रँडल डेव्हिडसन त्याच नोव्हेंबरात पायउतार झाले. आपणहून पद सोडणारे ते पहिले आर्चबिशप. चर्चने मग कायदा बाजूला ठेवून पुस्तक वापरायला मुभा दिली आणि सरकारने डोळेझाक केली. उपासनेचा अधिकार चर्चकडे रीतसर आला तो १९७४ साली. त्याआधी जवळजवळ अर्धं शतक इंग्लंडमधल्या अनेक देवळांत रविवारची उपासना पार्लमेंटने नाकारलेल्या पुस्तकातून होत होती. ज्यांच्या हातून राजाला मुकुट चढतो, ज्यांच्या प्रार्थनेने उमरावसभेचं कामकाज सुरू होतं, त्या चर्चला स्वतःची प्रार्थना ठरवता येत नव्हती.

विशेष म्हणजे त्याच १९२७ साली त्याच पार्लमेंटने हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चला इंग्लंडच्या चर्चपासून मोकळं करणारा कायदा केला. १९३० च्या मार्चमध्ये तो लागू झाला. त्या दिवसापासून इथल्या चर्चला आपले नियम आपण करण्याची मोकळीक मिळाली. राज्यकर्त्यांच्या घरच्या चर्चला जे मिळालं नाही, ते गुलाम देशातल्या चर्चला आधी मिळालं. याच स्वतंत्र शाखेतून आणि इतर मंडळ्यांच्या मिलनातून २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारताचं चर्च स्थापन झालं. तो सोहळा आपल्या या नागपुरात झाला. त्यासाठी पार्लमेंटची परवानगी कुणाला मागावी लागली नाही.

पण स्वातंत्र्य मिळालं म्हणजे खर्चही थांबला, असं मात्र नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेने कलकत्त्याला बिशप आला आणि मुंबईला आर्चडीकन. १८३३ च्या सनदेने मुंबई आणि मद्रासला बिशप नेमायची वाट मोकळी झाली. मुंबईचे पहिले बिशप थॉमस कार १८३७ मध्ये गादीवर आले. त्यांचे आणि लष्करी छावण्यांतल्या धर्मगुरूंचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून. इथल्या शेतसाऱ्यातून, मिठावरच्या करातून. हे खातं किती जपलेलं होतं ते १९३५ च्या कायद्यात दिसतं. केंद्रात हिंदी मंत्र्यांच्या हाती सोपवायचे नाहीत असे जे विषय गव्हर्नर-जनरलने स्वतःकडे राखून ठेवले, त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, आदिवासी प्रदेश आणि चौथा चर्चविषयक कारभार. त्या खात्यावर वर्षाला ४२ लाख रुपयांपर्यंतचा खर्च कायदेमंडळाच्या मताबाहेर ठेवला होता, निवृत्तिवेतनं वेगळी. तोफा आणि बिशप एकाच कुलपात!

इथे एक गोष्ट नीट वेगळी काढली पाहिजे, कारण तिची गल्लत नेहमी होते. हे सरकारी चर्चखातं वेगळं आणि मिशनरी वेगळे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवण्याचा हुकूम काढला होता. कंपनीला गोऱ्या शिपायाला पुरण्यासाठी पाद्री हवा होता. मराठी शिकून बाजारात उभा राहणारा पाद्री नको होता. पुढे अमेरिकन मराठी मिशन रुजलं, शाळा निघाल्या, छापखाना निघाला. हे सगळं त्या सरकारी खात्याच्या बाहेर घडलं.

या पगारी धर्मसत्तेला समोरून उत्तर दिलं ते एका मराठी बाईने. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच सप्टेंबरात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, राजमान्य चर्चमध्ये. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे राहिल्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी भाषा शिकवावी अशी कल्पना निघाली. मत मागवलं गेलं ते कुणाचं? मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचं. त्यांनी नको म्हटलं. हिंदुस्थानातल्या बाईने पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात तिचं वजन जाईल, असा त्यांचा सूर. सभांमधून शास्त्र्यांपुढे संस्कृतात बोललेल्या, हंटर आयोगापुढे साक्ष दिलेल्या बाईबद्दल हे चाललं होतं! रमाबाईंनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनना लिहिलेली उत्तरं आज छापील मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. वाचा तो. भटभिक्षुकशाहीचं जोखड उतरवून आलेली बाई दुसरं जोखड मानेवर घ्यायला साफ नकार देते. ख्रिस्तावर तिची श्रद्धा आहे, बिशपांच्या हुकमतीवर नाही. पुढे शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती सदन त्यांनी उभं केलं ते कुठल्याही बिशपाच्या परवानगीवाचून.

कॅथलिकांची कथाही याहून फार वेगळी नाही. १७९४ नंतर मुंबईतल्या कॅथलिक वस्त्यांवर दोन धर्मसत्ता होत्या. काही देवळं गोव्याच्या आर्चबिशपकडे, म्हणजे पाद्रोआदोकडे, तर काही रोमने थेट नेमलेल्या धर्माधिकाऱ्याकडे. एकाच गावठाणातली कुटुंबं यावरून भांडली, खटले झाले. १९२८ साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला आणि तोडगा निघाला तो असा, की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज असावा आणि एकदा ब्रिटिश. लाखभर मराठी-कोकणी बोलणाऱ्या भाविकांचा मेंढपाळ दोन साम्राज्यांनी आळीपाळीने वाटून घेतला! पहिले आले पोर्तुगीज होआकीम लिमा, मग इंग्रज थॉमस रॉबर्ट्स. रॉबर्ट्स यांचं मोठेपण असं, की त्यांनी कारभार भारतीय सहायक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती सोपवला आणि स्वतः बाजूला झाले. पोर्तुगालने आपला हक्क सोडला १९५० च्या जुलैमध्ये. म्हणजे स्वातंत्र्य मिळून जवळजवळ तीन वर्षं होईपर्यंत मुंबईच्या आर्चबिशपच्या नेमणुकीत लिस्बनचा हात होता.

आता खुर्ची सोडणाऱ्यांची गोष्ट. १८ मे १८४३, एडिंबरा. स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चची महासभा सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये भरली होती. भांडण जुनं होतं : गावच्या चर्चचा पाळक कोण, हे गावाने ठरवायचं की जमीनदाराने? कायदा जमीनदाराच्या बाजूने होता आणि न्यायालयांनीही तोच निर्वाळा दिला होता. सभाध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचलं, राणीच्या प्रतिनिधीला वाकून नमस्कार केला आणि ते बाहेर पडले. त्यांच्या मागे रांग लागली. टॅनफील्डच्या सभागृहात थॉमस चामर्स यांच्या अध्यक्षतेखाली मुक्त चर्च जन्माला आलं. चारशेहून अधिक पाळक त्यात गेले, म्हणजे एकूण पाळकांपैकी एक-तृतीयांशाहून जास्त. त्यांनी पगार सोडला, चर्चने दिलेलं राहतं घर सोडलं. पुढच्या हिवाळ्यात कित्येक मंडळ्यांनी उघड्यावर उपासना केली, कारण जमीनदार चर्च बांधायला जागा देत नव्हते.

हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी झाडून सगळे मुक्त चर्चमध्ये गेले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मंडळींनी शाळेची इमारत मागे सोडली आणि भाड्याच्या जागेत वर्ग पुन्हा सुरू केले. त्या वर्गांचं आजचं रूप म्हणजे चौपाटीवरचं विल्सन कॉलेज. दोन वर्षांनी याच मुक्त चर्चचा एक तरुण भोसल्यांच्या नागपुरात आला. स्टीफन हिस्लॉप. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून या शहरात उभं आहे. इंग्रजांचं सरकार पाठीशी असल्यामुळे मिशनच्या शाळा चालल्या, असं सरसकट बोललं जातं. हिस्लॉपना पाठवणारं चर्च मात्र सरकारी भाकरी नाकारून निघालेलं होतं, हे नागपूरकरांनी तरी विसरू नये.

वेल्समध्ये १९२० साली चर्चचा राजाश्रय संपला, तेव्हा ते बुडणार अशी भाकितं झाली. ते बुडालं नाही. स्वतःचे बिशप स्वतः निवडू लागलं. २००२ साली कँटरबरीच्या गादीसाठी रोवन विल्यम्स यांना बोलावलं गेलं ते तिथूनच. ते तेव्हा वेल्सचे आर्चबिशप होते.

इतका वेळ मी एकाच बाजूने बोललो. दुसरी बाजूही भक्कम आहे आणि ती टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल उमरावसभेत उभे राहिले आणि जर्मन शहरांवर सरसकट बॉम्ब टाकण्याचं समर्थन कसं होतं, असा जाब त्यांनी सरकारला विचारला. ऐन युद्धात, लंडनवर बॉम्ब पडत असताना. ती जागा नसती तर हा प्रश्न पार्लमेंटच्या नोंदीत आला असता का? विल्यम टेंपल यांनी कल्याणकारी राज्याची कल्पना लोकांच्या गळी उतरवली, तीही आर्चबिशपच्या गादीवरून. २०२२ साली आश्रितांना रवांडाला पाठवण्याच्या योजनेचा निषेध उमरावसभेतल्या सगळ्या बिशपांनी सह्या करून केला. ब्रिटनमधले काही हिंदू, मुस्लिम, ज्यू नेतेही म्हणतात की चर्चची जागा राहू द्या. एका धर्माला दरवाजा उघडा असेल तर आमचंही कुणीतरी ऐकतं.

हे सगळं मला मान्य आहे. पण पुढचं पानही उलटू या. त्याच १९४४ च्या ऑक्टोबरात टेंपल वारले. बेल यांच्या योग्यतेबद्दल शंका नव्हती, तरी निवड झाली जेफ्री फिशर यांची. त्या भाषणाने बेल यांना कँटरबरी गमवावी लागली, असं अनेक अभ्यासक मानतात. निवडीची शिफारस चर्चिल यांच्या हातात होती. खुर्चीवरून सत्य बोलता येतं, नाही असं नाही. फक्त पुढची खुर्ची देणारा ते ऐकत बसलेला असतो. आणि रवांडाच्या योजनेचं काय झालं? बिशप बोलले, २०२४ च्या एप्रिलमध्ये कायदा झाला तो झालाच. सव्वीस मतांचा जोर तेवढाच. बेल यांचं वजन होतं ते जर्मनीतल्या हिटलरविरोधी पाळकांशी त्यांनी वर्षानुवर्षं राखलेल्या मैत्रीचं. ते वजन खुर्ची काढून घेतली असती तरी उरलं असतं.

याची खरी कसोटी आफ्रिकेतल्या दोन देशांत लागली, आणि ती दोन वर्षांच्या अंतराने लागली. दोन्ही देशांत बहुसंख्य लोक ख्रिस्ती. मलावीमध्ये हेस्टिंग्ज बंडा तहहयात राष्ट्राध्यक्ष होते, एकच पक्ष, विरोधाला तुरुंग. ८ मार्च १९९२ च्या रविवारी देशातल्या सगळ्या कॅथलिक चर्चमध्ये बिशपांचं पत्र वाचून दाखवलं गेलं. छपाई गुपचूप झाली होती. त्यात शाळा आणि दवाखान्यांची दुरवस्था होती, गरीब-श्रीमंतांतली दरी होती, बोलायची चोरी होती. जे प्रत्येक जण घरात कुजबुजत होता, ते वेदीवरून मोठ्याने सांगितलं गेलं. सरकारने बिशपांना पोलिसांपुढे उभं केलं, पत्र बाळगणं गुन्हा ठरवला. पण भीती एकदा मोडली ती मोडली. १९९३ च्या जूनमध्ये सार्वमत झालं, लोकांनी बहुपक्षीय पद्धत निवडली आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत बंडा हरले. त्या बिशपांकडे संसदेत एकही जागा नव्हती.

दुसरा देश रवांडा. तिथे किगालीचे आर्चबिशप व्हिन्सेंट न्सेंगियुम्वा वर्षानुवर्षं सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे सभासद होते. शेवटी रोमने सांगितल्यावर त्यांनी ते पद सोडलं. राष्ट्राध्यक्षांच्या घरात ऊठबस असलेल्या या चर्चला वंशद्वेषाची तयारी दिसत असूनही वेळेवर ‘थांबा’ म्हणता आलं नाही. १९९४ च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत लाखो तुत्सी मारले गेले. त्यातले हजारो आसऱ्याला आलेल्या चर्चमध्येच मारले गेले. जीव धोक्यात घालून माणसं वाचवणारे धर्मगुरूही होते आणि मारेकऱ्यांना साथ देणारेही निघाले. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या आणि चर्चमधल्या माणसांच्या पापांबद्दल क्षमा मागितली. सत्तेच्या पंक्तीला बसलेलं चर्च आणि पंक्तीबाहेर उभं राहिलेलं चर्च, यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दाखवता येईल असं मला वाटत नाही.

आपल्या देशाने हा प्रश्न कसा सोडवला? संविधान सभेत ख्रिस्ती समाजाचे प्रतिनिधी होते. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ संविधान सभेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष. जेरोम डिसूझा हे जेझुइट धर्मगुरूही सभासद होते. कायदेमंडळात ख्रिस्ती लोकांसाठी राखीव जागा ठेवण्याची तरतूद आधी मसुद्यात होती. १९४९ च्या मे महिन्यात धर्मावर आधारलेल्या त्या राखीव जागा रद्द झाल्या आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्याला खुशीने संमती दिली. त्यांनी मागितलं ते एवढंच : धर्म पाळायचं, सांगायचं आणि आपल्या संस्था चालवायचं स्वातंत्र्य. ते २५ ते ३० या कलमांत आहे. फाळणीचं रक्त वाळलं नव्हतं अशा काळात एका छोट्या समाजाने हमीच्या खुर्च्या सोडल्या, ही आपल्या संसदीय इतिहासातली मोठी गोष्ट आहे. तिचा उल्लेख व्हावा तितका होत नाही.

माझा निष्कर्ष त्यामुळे साधा आहे. राज्यकारभारात चर्चचं स्थान सरकारशी बोलणाऱ्याचं असावं, सरकारात बसणाऱ्याचं नसावं. त्याने कायद्यावर टीका करावी, उपाशी माणसाची बाजू घ्यावी, निवडणुकीत आपल्या सभासदांनी सदसद्विवेकाने मत द्यावं म्हणून आग्रह धरावा. पण नेमणूक, पगार आणि राखीव जागा या तिन्ही गोष्टी सरकारकडून घेऊ नयेत. जो घेईल तो मिंधा होईल, मग त्याचा झेंडा कुठलाही असो.

हे केवळ ख्रिस्ती लोकांपुरतं नाही, म्हणूनच मी तुमच्यापुढे ते मांडलं. पंढरपूरचं मंदिर १९७३ च्या कायद्याने आणि शिर्डीचं संस्थान २००४ च्या कायद्याने सरकारनियुक्त समितीकडे गेलं. बडव्यांच्या मक्तेदारीतून भाविक सुटला, हा त्यातला लाभ खरा आहे. पण समितीवर कुणाची वर्णी लागली ही बातमी वर्तमानपत्रात राजकारणाच्या पानावर येते, हेही तुम्ही पाहता. तेव्हा चर्च असो, देवस्थान असो, वक्फ मंडळ असो किंवा गुरुद्वाऱ्याची समिती असो, आपापल्या धर्मसंस्थेला तीन प्रश्न विचारा. तुमचा प्रमुख कोण नेमतो? तुमचा खर्च कोण भागवतो? आणि सरकार चुकलं तर उद्या सकाळी तुम्ही ते जाहीरपणे सांगू शकाल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं, तर आधीच्या दोघांची उत्तरं दुरुस्त करायला लागा. हे काम सरकार करणार नाही. ते भाविकांनाच करावं लागेल.